भेसळीचा भंडार

दारू सोडलेल्या माणसाला निदान वर्षभर तरी कामावरून काढू नये, असा काहीतरी नियम पाहिजे होता. पीत होतो तेव्हा माझं काम कधी गेलं नाही. मी दांड्या मारल्या, पोती उलटी शिवली, एकदा तर भर दुपारी थप्पीवर चढून झोपलो आणि घोरण्यानं सापडलो. शेठ आयमाय काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला लावायचे. मग मी सोडली. वेळेवर यायला लागलो, शुद्धीत राहून घाम गाळायला लागलो, आणि चार-पाच महिन्यांत त्यांनी मला घरी पाठवलं. याचा राग मला अजून आहे. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी आधी तोच वर येतो.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या काळातली ही गोष्ट. वसमतच्या बाहेर रस्त्याला लागून शेठची हळदीची कांडप होती. कुरुंद्याकडून आणि आसपासच्या गावांतून वाळलेली हळकुंडं यायची. आम्ही सहा-सातजण ती दळायचो, चाळायचो आणि भुकटी पोत्यांत भरायचो. नाकात, कानात, पापण्यांवर, भाकरीच्या फडक्यावर सगळीकडे पिवळं. माझी लेक तेव्हा लहान होती. मी घरी आलो की ती टाळ्या वाजवून म्हणायची, "आमचा बाबा रोजच नवरदेव!"

त्या दळणात काय असायचं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हळकुंडांबरोबर तांदळाची कणी जायची, आणि कणीनं माल फिका पडला की वरून डब्यातला पिवळा रंग. शेठ त्याला 'माल वाढवणं' म्हणायचे. आम्ही त्याला काहीच म्हणायचो नाही. फक्त स्वतःच्या घरी त्यातली चिमूटभर नेत नव्हतो. शहाणपणा काय तो एवढाच.

दारू मी कशी सोडली ते थोडक्यात सांगतो, कारण पिण्याच्या गोष्टी सांगताना माणूस उगाच रंगतो. डोळे पिवळे झाले. गावात सगळे म्हणाले, हळदीत काम करतो, पिवळा दिसायचाच. त्यामुळे ती कावीळ आहे हे कुणाच्या लक्षात यायला आठवडे गेले. नांदेडच्या दवाखान्यातून परत आलो तेव्हा घराला कुलूप होतं. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती.

माझा सासरा मेंढरंवाला. हट्ट्याच्या बाजूचा. बोलायला कमी आणि चालायला जास्त. मार्गशीर्षात एके दिवशी त्यानं बायकोला आणि लेकीला परत आणलं, पण माझ्या घराचा उंबरा ओलांडला नाही. गावाबाहेरच्या खंडोबाच्या देवळात तो बसून राहिला आणि मला कांडपीवर निरोप धाडला. मी होतो तसा, पिवळ्या कपड्यांनी पळत आलो.

"पाव्हणं," तो म्हणाला, "बेल-भंडार उचला. म्या लेक आनून सोडून राहिलो ती तुमच्याकडं पाहून न्हाई, देवाकडं पाहून. पुन्हा घेऊन गेलो तर ती परत येनार न्हाई. लेकरू बी न्हाई."

आमच्यात बेल-भंडार उचलून घेतलेली शपथ म्हणजे शेवटची शपथ. बेलाचं झाड देवळामागं होतं, पान मिळालं. भंडाराची, म्हणजे देवाच्या हळदीची, वाटी मात्र रिकामी होती. पुजारी कुठं गेला होता कोण जाणे. सासरा इकडे तिकडे बघायला लागला. मग मी काय केलं, तर माझ्या सदऱ्याचा खिसा उलटा केला. दिवसभरात खिशात मूठभर भुकटी साठायचीच. ती तळहातावर घेतली, वर बेलाचं पान ठेवलं आणि म्हणालो, आजपासून थेंब घेणार नाही. हात पुढं करताना थोडी भुकटी शेजारी उभ्या बायकोच्या साडीवर सांडली. आपण देवापुढं काय धरलंय हा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला फक्त माझी लेक दिसत होती. ती घंटेची दोरी ओढायला उड्या मारत होती.

पुढचे महिने कसे गेले ते विचारू नका. गुळाचे खडे खाऊन खाऊन दात किडले. वेळ पुढं सरकेना. लोक म्हणायचे, सोडली ते लई चांगलं केलं, आणि लगेच विचारायचे, "खरंच न्हाई घेत?" सगळ्यात चीड यायची ती वासाची. घरी आलो की बायको पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि जरा जास्तच वेळ जवळ थांबायची. तिच्या नाकपुड्या तेवढ्या हलायच्या. मला इतका संताप यायचा की मी मुद्दाम श्वास धरून ठेवायचो. प्यालेला नसायचो, तरी धरायचो. घे, काढ काय काढायचा तो निष्कर्ष! ती तांब्या ठेवून चुलीकडं जायची आणि आम्ही दोघंही उपाशी असल्यासारखे जेवायचो.

पण कांडपीत मी टिकून होतो. डोकं साफ झालं होतं आणि साफ डोक्याला दिसायला लागतं. मी विचारायला लागलो. सणाच्या सुट्टीचा रोज का कापला? नाकाला बांधायला फडकी का देत नाही? दारूच्या काळात यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

ऐन हंगामात, शेतांवर हळद शिजायला लागली होती तेव्हा, शेठनी आम्हाला ओळीनं उभं केलं. दळण बंद. आता हळकुंड तसंच सांगलीला पाठवायचं. दोन माणसं पुरेत. त्या दोघांतला एक माझा जोडीदार होता. वर्षानुवर्षं माझ्याच बरोबर पोत्याचं दुसरं टोक धरणारा आणि माझ्याच बरोबर पिणारा. तो अजून पीत होता. त्या सकाळीही त्याचे डोळे तांबडे होते.

मी शेठना गाठलं. "शेठ, मला काहून काढून राहिले? मी आता एक दिवस चुकवीत न्हाई."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरं ते सांगितलं, आणि खरं तेच जास्त लागलं. "तू आधी बरा व्हतास," ते म्हणाले. "आता तू लई बोलून राहिला."

तू आधी बरा होतास! मी घरापर्यंत चालत गेलो आणि वाटेत हे वाक्य मोठ्यानं म्हणत गेलो. समोरून येणाऱ्या बायकांनी मला वाट करून दिली. दिवसाढवळ्या एकटा बडबडत चाललेला माणूस म्हणजे काय, ते त्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की यानं पुन्हा सुरू केली आणि म्हणून शेठनं हाकलला. न्हाव्यानं दाढी करता करता मला उपदेश केला. पिठाच्या गिरणीवर एका म्हातारीनं माझ्या बायकोला जवळ घेऊन डोळे पुसले. दारूमुळं काम गेलं नाही, दारू सोडल्यामुळं गेलं, हे मी कुणाकुणाला सांगू? आणि सांगितलं तरी ऐकणारा आधी हुंगायचा.

बायको रोजानं जायला लागली. कुणाच्या शेतात हळद काढायला, कुणाच्या शेतात वेचायला. मी घरी. लेकीला शाळेत सोडायचं, आणायचं. मधला दिवस माझ्या अंगावर यायचा. काम असताना दारूला नाही म्हणणं त्यामानानं सोपं होतं, कारण हातात पोतं असायचं. रिकाम्या हाताला नाही म्हणता येत नाही. माझे हात तर धड रिकामेही दिसत नव्हते. काम सुटून कितीतरी दिवस झाले, तरी बोटांचा पिवळा रंग जाईना. भेटणारा विचारायचा, "कांडपीवरच हायेस ना?" आणि मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं.

मधे कुरुंद्याला एका शेतावर कढईचं काम मिळालं. ओली हळद शिजवायची, काढायची, पसरायची. काम दमवणारं होतं आणि मला तेच पाहिजे होतं. पण तिथली टोळी दिवस मावळायला लागला की बाटल्या काढायची. शेतमालकच आणून द्यायचा, मजुरीतच धरलेल्या. मी माझ्या वाटणीच्या बाटलीऐवजी पैसे मागितले. तो हसला. टोळीचा मुकादम म्हणाला, "न पिनारा गडी कढईपाशी टिकत न्हाई, बग." त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, पण माझं टाळकं सरकलं. मी झारा टाकला आणि निघालो. थोड्या वेळानं मुकादमाचंच खरं झालं हे लक्षात आलं, तेव्हा तर आणखीच चडफडलो.

अशात एका दुपारी चहाच्या टपरीवर जोडीदार भेटला. मला बघून त्याला खरंच वाईट वाटलं. चहा पाजला. मग म्हणाला, "येवढी तकलीफ काहून करून घेऊन राहिलास गड्या? एक दिवस चल माझ्यासंगं."

"बेल-भंडार उचललाय," मी म्हणालो. हे माझं ठेवणीतलं उत्तर होतं. यापुढं कुणी जात नसे.

तो विचारात पडला. नंतर त्याचा चेहरा उजळला. "भंडार कुठला व्हता रे?"

"खिशातला."

"म्हंजी आपल्याच कांडपीतला?" त्यानं मांडीवर थाप मारली. "आरं, मंग त्यात हळद किती अन् कनी किती? तुला बी ठावं, मला बी ठावं. खंडोबा काय येडा हाये व्हय, तांदळाच्या कनीवर शपत धराया? तू मोकळा हायेस लेका! पैल्या दिवसापास्नं मोकळा हायेस!"

मी त्याला शिवी दिली आणि उठलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. बाभळीचा काटा मोडून आत राहतो तसं ते राहिलं. रात्रंदिवस मी तेच घोळवत होतो. बाहेरचा माणूस हसेल की, शपथ ती शपथ, त्यात भुकटीचं काय? पण आम्ही भंडारावर वाढलेली माणसं. भंडार म्हणजे कपाळाला लावायचा, उधळायचा, आजारी लेकराच्या पोटात द्यायचा. तो खोटा असेल तर त्यावर बोललेलं खरं कसं? आणि खोटा भंडार देवापुढं धरणारा मी कोण? कधी वाटायचं मी मोकळा आहे, कधी वाटायचं माझ्यामुळंच घराला साडेसाती लागलीय, काम त्यानंच गेलं. दोन्हीकडून माझ्यावरच येत होतं.

शेवटी मी तोड काढली. कुरुंद्याच्या त्या शेतमालकाकडं परत गेलो आणि मजुरीतल्या बाटल्यांच्या बदल्यात चार हळकुंडं मागितली. त्यानं वेड्याकडं बघावं तसं बघून ओंजळभर दिली. बायको शेतात असताना मी ती घरच्या उखळात कुटली, फडक्यातून गाळली. अस्सल. वास असा की कांडपीत इतकी वर्षं काढून मी तो विसरलो होतो. तिची पुडी बांधली आणि काळीपिवळी जीप पकडून सासऱ्याकडं निघालो. आता खऱ्या भंडारावर, त्याच्याच समोर, नव्यानं शपथ घ्यायची. स्वतःच्या प्रामाणिकपणाचं मला फार कौतुक वाटत होतं. हट्ट्याच्या फाट्यावर देशीचं दुकान आहे. जीप तिथं थांबली तेव्हा मी त्याच्याकडं नीट बघून घेतलं, आणि उतरून पायवाटेनं शेताकडं चालायला लागलो.

सासऱ्याची मेंढरं एका कापसाच्या रानात बसवलेली होती. कापूस निघाला की शेतकरी खतासाठी कळप बोलावतात. सासरा कडुलिंबाखाली एका मेंढीला मांड्यांत दाबून बसला होता. तिच्या खुरात काटा मोडून जखम चिघळली होती आणि तो चाकूच्या टोकानं ती साफ करत होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं आले. पाय धरा."

मी पाय धरला. मेंढी हिसके देत होती. मी तसंच सगळं सांगून टाकलं. कांडप, कणी, डब्यातला रंग, देवळात उलटा केलेला खिसा. "मामा, त्यो भंडार खोटा व्हता," मी म्हणालो आणि तो आता चाकू माझ्यावर उगारतो की काय म्हणून बघत राहिलो.

"ठावं हाये," सासरा म्हणाला.

"ठावं हाये?"

"माझ्या लेकीनं तवाच सांगितलं. लुगड्यावर सांडला व्हता ना. हळदीचा डाग साबन लागला की लाल व्हतो अन् उन्हात टाकला की उडून जातो. ह्यो लाल बी झाला न्हाई अन् गेला बी न्हाई. अजून हाये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इतके महिने ही दोघं जाणून होती! मी गूळ चघळत, दात आवळत, त्या शपथेला घाबरत दिवस काढत होतो, आणि यांना ती खोटी असल्याचं पहिल्या धुण्यापासून माहीत! "मंग बोलला काहून न्हाई?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुमी पीत नव्हता. मंग काहून बोलू?"

मी खिशातून पुडी काढली. "ही अस्सल हाये. म्या सोता कुटली. चला, देवळात जाऊ. आता खरी शपत घेतो."

सासऱ्यानं पुडी उघडली. वास घेतला, चिमूट बोटांत चोळून पाहिली. मग माझ्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं असं सरळ क्वचितच बघितलं असेल.

"पाव्हणं," तो म्हणाला, "दुसरी शपत घ्यायला आधी पैली मोडावी लागती. कवा मोडायचं ठरवलंय?"

आणि त्यानं ती सगळी पुडी मेंढीच्या जखमेत रिकामी केली. वरून तेल सोडलं, बोटानं आत दाबली. मी माझी खरी शपथ मेंढीच्या खुरात जाताना बघत बसलो. "हळद चांगली हाये," तो म्हणाला. "दोन दिसात भरून येईल."

मला त्याचा भयंकर राग आला. राग यासाठी आला की मी स्वतःलासुद्धा न सांगितलेली गोष्ट त्यानं मला विचारली होती. खोटी शपथ सुटली आणि खरी अजून घेतली नाही, या दोन्हींच्या मधे एक जागा असते. ती जागा हट्ट्याच्या फाट्यावर होती. येताना जीपमधून मी ती बघून ठेवली होती. उतरल्यावर आधी तिकडंच वळणार होतो. दुकानापुढं ओळखीचे दोघं बसलेले दिसले म्हणून पायवाटेला लागलो, आणि परत जाताना बघू असं मनातल्या मनात ठरवलं होतं. इतका मी प्रामाणिक.

परत जाताना फाट्यावर जीप यायला उशीर लागला. आता त्या दुकानापुढं ओळखीचं कुणी नव्हतं. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. सासऱ्याला शिव्या दिल्या, शेठला दिल्या, जोडीदाराला दिल्या. माझ्याकडं ना काम होतं, ना धड शपथ. एक कणीचा भंडार होता, ज्याच्यात काही राम नव्हता हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि तरी इतके महिने मी त्याच्यावरच तगलो होतो, हेही खरं होतं. जीप आली. मी चढलो. मागं बसायला जागा नव्हती, लटकत आलो.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको नुकतीच शेतातून आली होती, तिच्या पायाला माती होती. दोरीवर ती साडी वाळत होती. पदराजवळचा तो पिवळा डाग मी पहिल्यांदा नीट बघितला. माझी बोटं पुडीनं आणि तेलानं पुन्हा पिवळीधमक झाली होती. तिनं ती बघितली आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"काम लागलं?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुझ्या आबांच्या मेंढीचा पाय धरला व्हता."

ती आत वळली. तांब्या भरून आणला, पुढं केला आणि नेहमीसारखी जवळ थांबली. मला नेहमीसारखाच राग आला. अगदी डोक्यापर्यंत चढला. छातीत श्वास धरून ठेवला होता तो तसाच कोंडून ठेवावासा वाटत होता. मग मी तोंड उघडलं आणि तिच्या तोंडावरच तो सगळा सोडून दिला, पोटातली शेवटची हवा निघेपर्यंत.

ती मागं सरली नाही.

"मेंढराचा वास येऊन राहिला," ती म्हणाली. "आंघोळ करा आधी. पानी ठेवते."